बाराव्या कुंडीतलं झाड

हिरू शाळेतून निवृत्त झाला, त्या दिवशी त्याला एक शाल, एक नारळ आणि भिंतीवर लावायचं घड्याळ मिळालं. पालघर जिल्हा नवा झाला तेच ते वर्ष. "जिल्हा नवा झाला आणि आपला हिरू जुना झाला," असं मुख्याध्यापक भाषणात म्हणाले तेव्हा सगळे हसले. हिरूही हसला, पण जरा उशिरा. त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं. फाटकाजवळच्या गुलाबांना त्या दिवशी पाणी मिळालं नव्हतं.

बोर्डीच्या त्या शाळेची बाग त्याने बत्तीस वर्षं राखली. शाळेमागे, पाण्याच्या पंपाला लागून त्याची खोली होती. आठवडाभर तिथे राहायचं आणि रविवारी सकाळच्या एसटीने तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या उंबरपाड्यावर घरी जायचं. दुपारी जेवायचं, पोरांना जवळ घ्यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. म्हणजे हिशेब केला तर बत्तीस वर्षांतली फार तर साडेचार वर्षं तो घरी होता, आणि तीही दुपारची.

दिवाळीच्या तोंडावर तो कायमचा घरी आला तेव्हा टेम्पोतून ट्रंकेबरोबर चौदा कुंड्या उतरल्या. काठ उडालेल्या, शाळेने टाकून दिलेल्या. त्याची बायको बायजी दारात उभी होती. गुडघे धरल्यामुळे ती हल्ली चौकटीला हात लावूनच उभी राहायची.

"पेन्शन आणलीस की खापरं?" तिने विचारलं.

"कुंड्या आहेत. परसात झाडं लावू."

"परस?" बायजी म्हणाली. "मागे जाऊन बघ तरी परस आहे का ते."

हिरू मागच्या दाराने बाहेर गेला. स्वयंपाकघर आणि भातखाचराचा बांध यांच्यामध्ये पंधरा-वीस पावलांची ती जागा. एके काळी बायजीने तिथे काय नाही लावलं होतं! मोरीच्या पाण्यावर अळू, कुडाला टेकून हळद, दाराशी गवती चहा, आणि मधोमध अबोली, जिचे गजरे माळून ती लेकीला, जयश्रीला, शाळेत पाठवायची. आता तिथे कमरेएवढी घाणेरी माजली होती. शेजारच्या रखमीच्या शेळ्या बांधावरून आरामात ये-जा करत होत्या. अबोली नव्हतीच. हळदीच्या जागी टाकळ्याच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या. फक्त कोपऱ्यातलं एक झाड हिरवंगार होतं. आळं नीट केलेलं, माती ओली, बुंध्याशी दोन भाताची शितं. बायजी रोज तांदळाचं धुवण तिथे ओतत होती.

"चिकू बघितलास?" ती आतूनच ओरडली. "मेला मेला म्हणत होतास ना? कसा उठला बघ!"

हिरू झाडाजवळ गेला. पान हातात घेतलं आणि टोकापासून देठापर्यंत दोनदा बघितलं.

*

हे झाड म्हणजे हिरूच्या आयुष्यातली पहिली कमाई. शाळेत लागण्याआधी तो बोर्डीला एका इराणी शेटच्या चिकूवाडीत मजूर होता. तिथे धोंडी नावाचा म्हातारा कलमं बांधायचा. चिकू बियांपासून लावला तर फळाला वर्षानुवर्षं वाट बघायला लागते, म्हणून रायणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधतात. रायण म्हणजे डोंगरातलं काटक झाड. मूळ रायणीचं, वरचं झाड चिकूचं. कुंडीतलं रायणीचं रोप चिकूच्या झाडाखाली माचाणावर चढवायचं, रोपाची आणि फांदीची साल एकेका बाजूने तासायची, जखमेला जखम लावायची आणि केळीच्या सोपटाच्या पट्टीने घट्ट बांधायची. मग अडीच-तीन महिने वाट बघायची. धोंडीने या पोराला एका थंडीत बारा कुंड्या दिल्या. हिरूने बारा कलमं बांधली. "अकरा मेली, बारावं जगलं," ही गोष्ट हिरूने पुढे शाळेतल्या प्रत्येक शिपायाला, प्रत्येक नव्या मास्तराला आणि निदान तीस बॅचेसच्या पोरांना सांगितली. ते बारावं कलम शेटने त्याला देऊन टाकलं. हिरूचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने ते परसात बायजीच्या हाताने लावलं, आणि पुढे नोकरीवर निघून गेला.

घरी त्याचं असं एवढंच होतं. घर बायजीने सारवलं, खाचर बायजीने लावलं, जयश्री आणि विनोद बायजीने वाढवले. रविवारी आला की हिरू आधी त्या चिकूला हात लावायचा आणि मग पोरांना. पोरांनाही त्याचं काही वाटायचं नाही. चिकू मोठा झाला, फळं लागली. "बाबाचे चिकू" असं पाड्यावरची पोरंसुद्धा म्हणायची. जयश्रीचं लग्न कोसबाडला ठरलं तेव्हा हिरूने या झाडाचं कलम बांधून तिच्याबरोबर दिलं.

मग २००९ चा उन्हाळा आला. जयश्रीचं बाळंतपण होतं, म्हणून बायजी दोन महिने कोसबाडला राहिली. इकडे शाळेचा पंप बिघडला. शाळेला सुट्टी होती, पण बागेला सुट्टी नसते. हिरू विहिरीवरून कळशा वाहत राहिला आणि लागोपाठ सात रविवार घरी गेला नाही. आठव्या रविवारी गेला तेव्हा चिकूची पानं पाचोळ्यासारखी खुळखुळत होती आणि खालची साल शेळ्यांनी सोलली होती. त्या उन्हाळ्यात शाळेतला एकही गुलाब मेला नव्हता.

बायजी परत आली. झाड बघून ती पिशवी घेऊन आत गेली. पुढे पावसात बुंध्यातून धुमारे फुटले, आणि ती त्यांना पाणी घालायला लागली. हिरूला आता त्या झाडाजवळ जायची लाज वाटायची, रविवारी यायचा, लांबून हिरवं बघायचा आणि बरं वाटून परत जायचा. पाच वर्षांत त्याने एकदाही ते पान हातात घेतलं नव्हतं.

आता घेतलं. जाड, काळपट हिरवं, टोकाशी बारीक खाच. चिकूचं पान टोकदार असतं. त्याने खाली वाकून जुना सांधा शोधला. सगळे धुमारे सांध्याच्या खालून आले होते. वरचा चिकू केव्हाच लाकूड झाला होता. बायजी पाच वर्षं रायणीला पाणी घालत होती.

"लागतील का रे पुढल्या साली?" तिने दारातून विचारलं.

हिरूने तिच्याकडे बघितलं. चौकट धरून उभी, केस पांढरे, चेहऱ्यावर कसलंसं हसू.

"बघू," तो म्हणाला. "पुढल्या साली."

सांगायची हीच वेळ होती, आणि ती गेली.

*

त्या थंडीत त्याने परस साफ केलं. घाणेरी मुळासकट काढली, बांधावर शेराचं कुंपण लावलं. रखमी तिच्या दारातून बघत होती.

"हिरूदादा, शेळ्यांना आता पास काढायला लागेल का?"

"शेळ्यांना नाही. शेळ्यांच्या मालकिणीला."

"आता तुझी मालकीण मला कधी चहा पाजते बघू," रखमी म्हणाली, आणि कुंपणाच्या फटीतून रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या आत सरकवल्या. "घे. भोकं तूच पाड."

शाळेच्या कुंड्या पुरल्या नाहीतच. तेलाचे डबे, गळकी हंडी, रखमीच्या बादल्या, सगळ्यांत झाडं बसली. हिरूची कुंडी भरायची पद्धत ठरलेली होती. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा, त्यावर मूठभर जाड वाळू, मग दोन वाटे माती आणि एक वाटा जुनं शेणखत, हाताने चुरून. झाड काढताना भोवतीची माती आदल्या दिवशी भिजवायची, म्हणजे गड्डा अखंड सुटतो. लांब गेलेली मुळं कात्रीने छाटायची, तेवढाच वरचा पाला कमी करायचा, आणि आठ दिवस सावलीत ठेवायचं. हे सगळं थंडीतच. "थंडीत झाड पेंगत असतं," तो सांगायचा. "पेंगताना उचललं तर त्याला कळत नाही आपण घर बदललं."

"मला तर भर उन्हात आणलं होतं माहेराहून," बायजी म्हणायची. "म्हणून मला सगळं कळलं."

ती बाजेवर बसून कामं सांगायची. गावठी गुलाब दाराशी ठेव, मोगरा मोरीजवळ. अबोलीचं रोप तिनेच तिच्या बहिणीकडून मागवलं. एका थंडीत परसाला रूप आलं, दुसऱ्या थंडीत पाड्यावरच्या बायका रोपं मागायला यायला लागल्या. हिरू कोणाला नाही म्हणायचा नाही, पण रोप हातात देण्याआधी कुंडी कशी भरायची हे त्या बाईच्या तोंडून वदवून घ्यायचा. बत्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस, तेवढं राहणारच.

बायजी हळूहळू काठी घेऊन परसात यायला लागली. अबोलीचा गजरा करून स्वतःच्याच केसात माळायची. हे सगळं बघून हिरूला बरं वाटायचं आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या झाडाकडे नजर गेली की तो दुसऱ्याच कुंडीकडे वळायचा. घरातली आपली एकुलती एक गोष्ट आपल्याच हाताने मेली, आणि बाई तिच्याजागी भलत्याच झाडाला जीव लावून बसली आहे, हे तिला कसं सांगायचं? सांगितलं तर ती सात रविवारांचं विचारेल. इतकी वर्षं तिने ते विचारलं नव्हतं, त्यामुळे तर त्याला ते जास्तच जड झालं होतं.

आणि झाडाने पहिल्याच थंडीत नवीन घोळ केला होता. रायणीला थंडीत फुलं येतात, पांढुरकी, बारीक, पानांच्या बगलेत. फुलं राहिली तर वैशाखात पिवळी रायणं पिकणार, शेंगदाण्याहून जरा मोठी. मग आंधळ्यालाही कळेल हा चिकू नाही. हिरूने तोड काढली. बायजी आत भाकऱ्या करत असली की तो झाडाशी जायचा आणि फुलं खुडून लुंगीच्या ओच्यात टाकायचा. पोर पेरू चोरताना बघतं तसं इकडेतिकडे बघायचा. ज्याने जन्मभर शाळेत "फुले तोडू नयेत" अशी पाटी रंगवली, तो स्वतःच्या परसात चोरून फुलं तोडत होता.

"तिथे काय करतोस रे?" आतून हाक यायची.

"किडे काढतोय."

"रोज?"

"फार आहेत."

वर्षातून एकदा तरी बायजी विचारायचीच. "यंदा लागतील का रे?" आणि हिरू म्हणायचा, "पुढल्या साली."

*

पुढल्या साली चिकू लागायचे तर चिकू आणायला हवा होता. हिरू आधी बोर्डीला गेला. इराणी शेटची वाडी विकली गेली होती. विहिरीमागच्या ज्या चिकूखाली त्याने ती बारा कलमं बांधली होती, त्या आईझाडाच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या झाल्या होत्या आणि दारात प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं होतं. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण पाहिजे काका?" हिरू म्हणाला, "कोणी नाही, गेलेलं आहे." आणि परत फिरला.

मग उरलं जयश्रीचं झाड. कोसबाडला तिच्या सासरी ते विहिरीच्या कडेला उभं होतं, गच्च फळांनी भरलेलं. परसातल्या मेलेल्या चिकूची ती लेक. हिरूने खोडाला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

जयश्री हसली. "बाबा, आधी झाडाला भेटतोस, मग मला. अजून तेच का?"

तेव्हा त्याने लेकीला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"मग आईला सांगून टाक ना. एवढं काय?"

"कलम जगलं की सांगतो. रिकाम्या हाताने नाही सांगवत."

"आणि कलम जगायला?"

"आधी रायणीची रोपं करायला हवीत. ती बोटाएवढी जाड व्हायला दोन-तीन वर्षं."

"बाबा, तू शाळेत होतास तेच बरं होतं," जयश्री म्हणाली. पण आपल्या परसात त्याला जागा करून दिली.

वैशाखात तलासरीच्या बाजारात बायका पानांच्या द्रोणात रायणं घेऊन बसतात. हिरूने दोन द्रोण घेतले, बस स्टँडच्या मागे उभं राहून एकट्याने खाल्ले आणि बिया रुमालात बांधून कोसबाडला नेल्या. घरी त्याने एकही रायण नेलं नाही. बायजीसमोर त्या फळाचं नावसुद्धा नको, असं त्याला वाटायचं. रायणं खाल्ली की ओठ चिकट होतात, चीक लवकर जात नाही. त्या संध्याकाळी बायजीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी पी."

बिया रुजल्या. रोपं दोन पावसाळे, तीन पावसाळे वाढली. २०१७ च्या थंडीत त्याने त्यातली पाच बरी रोपं कुंड्यांत बसवली, जयश्रीच्या चिकूखाली बांबूचं माचाण केलं आणि कुंड्या वर चढवून कलमं बांधली. धोंडीचा जुना चाकू होता. दोरी बांधताना जयश्री फांदी धरायची. मग दर रविवारी तो कोसबाडला. "लेकीची आठवण येते," असं घरी सांगून.

होळीपर्यंत तीन कलमं वाळली. दोन जगली. हिरूने सांध्याखालून चिकूची फांदी आधी अर्धी कापली, पंधरा दिवसांनी उरलेली. कुंड्या खाली उतरवताना त्याने त्या लहान मूल घेतात तशा दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. पण लगेच घरी न्यायला त्याचं मन होईना. एक उन्हाळा, एक पावसाळा लेकीकडेच काढू दे. मग थंडीत कुंड्या बदलू, पुढच्या पावसात लावू. जागा त्याने मनाशी ठरवली होती, त्याच कोपऱ्यात. म्हणजे आधी रायण तोडायला लागणार होती. ते काम तो पुढे ढकलत होता.

*

२०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. डहाणू आणि तलासरीतल्या गावांना त्या थंडीत वारंवार धक्के बसत होते. भांडी खणखणायची, कुडाची माती ढासळायची. घराच्या आत थांबायला लोक घाबरत होते. सगळ्यांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या. विनोद उंबरगावच्या कंपनीत होता, त्याने येऊन परसात ताडपत्री ताणून दिली. एक टोक घराच्या खांबाला, दुसरं कोपऱ्यातल्या झाडाला. बायजीची बाज झाडाच्या बुंध्याशी लागली, कारण तिथे दुपारी सावली असायची. आणि बायजी त्या बाजेवर बसली ती सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. भाकरीही तिथेच तीन दगडांवर.

फुलांचे दिवस होते. हिरू अडकला. फुलं उमलत होती, आणि बाई त्यांच्याच खाली ठाण मांडून. तो उगाच झाडाभोवती फेऱ्या मारायचा. कधी आळं नीट करायचा, कधी ताडपत्रीची गाठ. आठ दिवस झाले, दहा झाले. एका सकाळी एक धक्का बसला, परसातल्या दोन कुंड्या ओट्यावरून गडगडत खाली आल्या, आणि वरून रायणीची फुलं बायजीच्या डोक्यावर, पदरावर, बाजेवर सांडली. धक्का थांबला. रखमीच्या शेळ्या ओरडायच्या थांबल्या.

बायजीने पदरावरचं एक फूल उचललं.

"यंदा किडे नाही काढत का रे?"

हिरू फुटलेली कुंडी गोळा करत होता. त्याने वर बघितलं नाही.

"चार सालं झाली," ती म्हणाली. "मी भाकरी टाकली की तू उठतोस. ओचा भरून फुलं खुडतोस, बांधापलीकडे टाकतोस. मला एक रायण खाऊ दिलं नाहीस. आणि बाजारात जाऊन एकटा खाऊन येतोस. तोंडाला चीक असतो, कळत नाही का मला?"

"बायजे," हिरू म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"मी डोंगरातली बाई. रायणीच्या झाडाखाली लहानाची मोठी झाले. तिचं पान मला कळणार नाही? तू शाळेतला, तुला गुलाबाचं कळतं."

"मग दर वर्षी विचारायचीस ती? लागतील का, लागतील का?"

"रायणंच विचारत होते. चिकूचं नाव मी पहिल्या दिवशी घेतलं, तुला डिवचायला. म्हटलं, बघू या माणसाच्या तोंडातून खरं निघतं का. तू म्हणालास पुढल्या साली. मग मीही म्हटलं, चालू दे."

हिरू बाजेच्या टोकाशी बसला. मग सात रविवार, पंप, कळशा, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. बायजी ऐकत होती. चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं.

"ते झालं," ती म्हणाली. "आता एक सांग. बारावी कुंडी कोणाची होती?"

"माझी. धोंडीबाबाने दिली."

"धोंडीने बारा दिल्या. जिवंत रोपं अकराच दिली. आठव."

त्याला आठवेना. बायजीने मग सांगितलं. त्या थंडीत भातकापणी संपल्यावर तीही वाडीत मजुरीला आली होती, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. बारा कुंड्यांपैकी एका कुंडीतलं रोप आधीच वाळलं होतं, आणि नवरा त्या रिकाम्या कुंडीसमोर तोंड पाडून बसला होता. पुढच्या बाजाराच्या सुट्टीत ती माहेरी गेली, डोंगरावरून रायणीचं एक रोप मातीच्या गड्ड्यासकट काढलं, पळसाच्या पानांत गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन चालत आणलं. कुंडी तिने भरली. तळाला खापर तिने ठेवलं.

"तू कलम बांधलंस. चांगलं बांधलंस. पण ते रोप माझं होतं."

हिरूला आता ती पळसाची पानं दिसली. हिरवी पानं, वेलीने बांधलेली, कुंडीशेजारी पडलेली. ती कुठून आली हे तेव्हा त्याने विचारलंच नव्हतं. आणि मग सदतीस वर्षं अकरा मेली, बारावं जगलं, अकरा मेली, बारावं जगलं. हे सांगताना कितीदा तरी ती शेजारी बसलेली असायची.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगायला लागलास की लोक किती ऐकायचे! मध्ये कशाला बोलू? झाड तर दारात होतं." तिने बाजेवरची फुलं झटकली. "चिकू गेला तेव्हा मी रडले. मग पावसात खालून पान फुटलं. बघते तर माझी रायण. म्हटलं, ही तरी घरी राहिली."

हिरू बाजेवरून उठला. तो फुटलेल्या कुंडीतल्या मोगऱ्याच्या मुळांवर ओलं फडकं ठेवत राहिला. मग म्हणाला, "कोसबाडला दोन कलमं आहेत. तुझ्या चिकूचीच. जयूच्या झाडाची."

"वाटलंच. नोकरीत होतास तेव्हा रविवारी घरी येताना एसटी चुकायची. आता घरी आहेस तर रविवारी बाहेर जायची एसटी एकदाही चुकली नाही." तिने चुलीत लाकूड पुन्हा सारलं. "घेऊन ये. पण लावणार कुठे?"

हिरूने कोपऱ्याकडे नुसतं बघितलं. बायजीने ते बघणं ओळखलं आणि हात मागे नेऊन रायणीच्या बुंध्यावर ठेवला.

"हिला हात लावलास तर मी जयूकडे जाईन राहायला. मग दर रविवारी तिकडेच ये भेटायला."

*

कलमं पौषात घरी आली. हिरूने ती एसटीत मांडीवर घेतली होती आणि कंडक्टरने दोघांचं अर्धं तिकीट फाडू का, म्हणून विचारलं होतं. त्याने थंडी सरायच्या आत दोन मोठ्या डब्यांत त्यांना बसवलं. या वेळी खापर बायजीने ठेवलं, वाळू तिने घातली, आणि हिरूने फक्त गड्डा धरला. एक कलम पावसात बांधाजवळ लावायचं ठरलं, रायणीपासून चांगलं दूर, म्हणजे दोघांच्या फांद्या एकमेकांत जाणार नाहीत. दुसरं बायजीच्या हुकमाने रखमीला.

"तिच्या शेळ्यांनी खाल्लं तर?" हिरू म्हणाला.

"खाल्लं तर तिचंच खातील. मग कळेल तिला."

रखमी कुंपणापलीकडून म्हणाली, "ऐकू येतंय मला!"

वैशाखात ताडपत्री अजून बांधलेलीच होती, पण धक्के कमी झाले होते. रायणीला फळं धरली होती, फार नाहीत, पहिलीच खेप. एका सकाळी बायजीने काठीने खालची फांदी वाकवली आणि ओंजळभर पिवळी रायणं तोडली. बाजेवर बसली. एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. हिरू मोगऱ्याला पाणी घालत होता. पाणी घालायचं सोडून तो तिच्याकडे बघत उभा राहिला. दहा-बारा वर्षांची असताना ती डोंगरात कशी दिसत असेल, हा विचार त्याच्या मनात इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला.

"घे," तिने ओंजळ पुढे केली. "आता चोरून खाऊ नको."

दोघांनी खाल्ली. दोघांचे ओठ चिकटले. बायजी बी थुंकणार तोच हिरूने तळहात पुढे धरला.

"टाकू नको. रोप करू."

"आणखी कलमं? कोणासाठी?"

"कलम नाही बांधणार. नुसती रायणच."

तिने बी त्याच्या हातावर ठेवलं. काळं, चकचकीत, थुंकीने ओलं. हिरूने ते लुंगीला पुसलं आणि रिकामी कुंडी शोधायला ओट्याकडे गेला. ओट्यावर एकही रिकामी नव्हती. त्याने कुंपणाजवळ जाऊन हाक मारली,

"रखमे, एखादी बादली आहे का गं?"